मोठ्या नंबरचा चष्मा

'चष्मा' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. त्यावरूनच तो मराठीत आला. उर्दूत तुम्ही चष्म्याला 'ऐनक' असेही म्हणता. त्यातील 'ऐन' हा अरबी शब्दही डोळ्याचाच आहे. फरक एवढाच, की उर्दूत 'चश्मा' म्हणजे पाण्याचा झराही होतो. मराठीत 'डोंगरातून चष्मा वाहत होता' असे लिहाल, तर वाचणारा हसेल. मराठीतला चष्मा फक्त नाकावर बसतो.

या पाठात आपण सगळ्याच चष्म्यांची माहिती घेणार नाही. ज्यांचा नंबर मोठा आहे, त्यांच्या चष्म्याबद्दल बोलू. अशा चष्म्याची भिंगे जाड होतात, वजनदार होतात आणि फ्रेमच्या बाहेर डोकावतात. ती फ्रेममध्ये नीटनेटकी कशी बसवतात, आणि आपण दुकानात जाऊन फ्रेम निवडतो तेव्हा काय पाहिले पाहिजे, हे समजून घेऊ. माझा स्वतःचा नंबर शाळेत असल्यापासून मोठा आहे. त्यामुळे हा विषय मला पुस्तकापेक्षा नाकावरूनच अधिक कळला आहे.

प्रथम नंबर म्हणजे काय ते पाहू. काही मुलांचा डोळ्याचा गोळा थोडा लांबट असतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर पडण्याऐवजी त्याच्या अलीकडे पडते. जवळचे अक्षर स्पष्ट दिसते, पण फळ्यावरचे दिसत नाही. अशा डोळ्यासमोर अंतर्गोल भिंग धरावे लागते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही ज्याला 'मुकअर अदसा' म्हणता, तेच हे अंतर्गोल भिंग. त्याचा नंबर 'उणे' लिहितात. याच्या उलट, मध्ये फुगीर असलेले बहिर्गोल भिंग, म्हणजे तुमचा 'मुहद्दब अदसा'. त्याचा नंबर 'अधिक' असतो.

नंबर डायॉप्टर या एककात मोजतात. शंभरला नंबरने भागले, की डोळ्याला चष्म्याशिवाय किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते, ते साधारण कळते. उणे २ नंबर असेल तर ५० सेंटिमीटर. हे मूल वही वाचू शकते, समोर बसलेल्या माणसाचा चेहराही बऱ्यापैकी ओळखते. उणे ८ नंबर असेल तर फक्त १२.५ सेंटिमीटर. हे अंतर एका वितीपेक्षाही बरेच कमी आहे. त्यापलीकडचे सारे धूसर. साधारणपणे उणे ६ च्या पुढे नंबर गेला, की डॉक्टर त्याला मोठा नंबर म्हणतात.

अंतर्गोल भिंग मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. नंबर जितका मोठा, तितकी कड अधिक जाड. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण त्या कडेची जाडी आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते, आणि ती गोष्ट दुकानात फारसे कोणी सांगत नाही. ती म्हणजे भिंगाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर. भिंगाचा आकार एखाद्या वाटीसारखा समजा. वाटीच्या तळापासून जसजसे दूर जाल, तसतशी तिची बाजू वर चढत जाते. आधी हळूहळू, मग झपाट्याने. म्हणून भिंग थोडेसे मोठे कापले, तरी त्याची कड बरीच जाड होते.

याचा एक सोपा हिशेब आहे. तो आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग करा. त्याला नंबरने गुणा. शेवटी १००० ने भागा. साध्या प्लास्टिकच्या भिंगाची कड मध्यापेक्षा किती मिलिमीटर अधिक जाड होईल, ते कळते. हा हिशेब अगदी काटेकोर नाही, पण फ्रेम निवडायला पुरेसा आहे.

आता तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या चष्म्याची काडी आतल्या बाजूने पाहा. तेथे बारीक आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एका भिंगाची रुंदी सांगतो. मग एक छोटासा चौकोन असतो. त्यानंतरचा आकडा दोन भिंगांमधले, म्हणजे नाकावरचे अंतर सांगतो. शेवटचा मोठा आकडा काडीची लांबी असते. सगळे मिलिमीटरमध्ये. चष्मा पुसताना हे आकडे रोज आपल्या बोटांखालून जातात, पण ते काय सांगतात हे कोणी विचारत नाही.

समजा, एका मुलीचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ८ आहे. तिच्या दोन बाहुल्यांमधले अंतर ६० मिलिमीटर आहे. बाहुली म्हणजे डोळ्यातील मधला काळा ठिपका. भिंगाचा मध्य बरोबर या बाहुलीसमोर आला पाहिजे. तिने ५४ आणि १८ आकड्यांची मोठी फ्रेम निवडली. ५४ आणि १८ मिळून ७२ होतात. म्हणजे फ्रेममधील दोन भिंगांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ७२ मिलिमीटर दूर आहेत. डोळे मात्र ६० मिलिमीटरवर आहेत. फरक १२ मिलिमीटर. म्हणून कारागिराला प्रत्येक भिंगाचा मध्य ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. भिंगाची अर्धी रुंदी २७ मिलिमीटर, त्यात हे ६ मिळवा. कानाकडची कड मध्यापासून ३३ मिलिमीटर दूर गेली. ३३ चा वर्ग १०८९. गुणिले ८. भागिले १०००. उत्तर सुमारे ८.७ मिलिमीटर. मध्यभागी भिंग साधारण २ मिलिमीटर जाड असते. ते मिळवले, की कड जवळजवळ पावणेअकरा मिलिमीटर जाड होते. तुमच्या फूटपट्टीवर हे अंतर पाहा, म्हणजे कल्पना येईल.

आता तिनेच ४४ आणि १८ आकड्यांची फ्रेम घेतली असती तर? ४४ आणि १८ मिळून ६२. फरक फक्त २ मिलिमीटरचा. भिंग एकच मिलिमीटर सरकवायचे. अर्धी रुंदी २२, त्यात १ मिळवला की २३. त्याचा वर्ग ५२९. आठाने गुणून हजाराने भागले, की सुमारे ४.२. मध्याचे २ मिळवा. कड सव्वासहा मिलिमीटरच्या आत आली! नंबर तोच, भिंग त्याच साध्या प्लास्टिकचे, आणि जाडी निम्म्याच्या जवळ. बदलली ती फक्त फ्रेम.

हा हिशेब मी वर्गात प्रथम मांडला, त्याला एक निमित्त झाले होते. मालेगावच्या आमच्या शाळेत आठवीत एक हुशार मुलगी होती. सहामाहीपर्यंत तिचे गुण चांगले होते. नंतर ते घसरत गेले. ती फळ्याकडे न पाहता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत असे. विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, चष्मा लावला की सगळ्या मला सोडावॉटर म्हणतात." दप्तरातून तिने चष्मा काढून दाखवला. मोठी, चौकोनी, तारेसारख्या बारीक धातूची फ्रेम होती. भिंगे दोन्ही बाजूंनी इतकी बाहेर आलेली होती, की काड्यासुद्धा पूर्ण मिटत नव्हत्या. तिचे अब्बा यंत्रमागावर कामाला होते. दुकानात त्यांना सांगण्यात आले होते, की चष्मा बारीक हवा असेल तर महागाच्या काचा घ्याव्या लागतील. तेवढे पैसे जुळले नाहीत, म्हणून साध्या काचा घेतल्या होत्या. त्यामुळे घरी मुलीला वाटे, की आपल्या अब्बांजवळ पैसे नाहीत म्हणून आपला चष्मा असा आहे. आणि अब्बांनाही तसेच वाटे.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास मी मागून घेतला. फळ्यावर दोन फ्रेम काढल्या आणि वरचा हिशेब मुलींकडूनच करून घेतला. कोणाचे नाव घेतले नाही. उत्तर आले तेव्हा ती मुलगी फळ्याकडे पाहत होती, चष्मा लावून. पुढे रमजानच्या सुट्टीत तिच्या अब्बांनी दुसरी फ्रेम घेतली. लहान, कोपरे गोल असलेली, तपकिरी प्लास्टिकची. काचा पुन्हा साध्याच. चिडवणे एका दिवसात थांबले असे नाही. पण ती आता चष्मा दप्तरात ठेवत नव्हती.

महागाच्या काचांबद्दल दुकानदाराने सांगितले ते खोटे नव्हते, अपुरे होते. 'काच' हा शब्दही गंमतीचा आहे. आज बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात, तरी आपण सगळे त्यांना काचाच म्हणतो. खऱ्या काचेची भिंगे साध्या प्लास्टिकपेक्षा जवळजवळ दुप्पट वजनदार असतात, शिवाय ती फुटली तर डोळ्याला धोका असतो. शाळकरी मुलांसाठी ती घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लास्टिकमध्येही प्रकार आहेत. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात जाताना वाकतो. यालाच मराठीत अपवर्तन म्हणतात; उर्दूत तुम्ही 'इनइताफ' म्हणून शिकता. जो पदार्थ प्रकाशाला अधिक वाकवतो, त्याचा अपवर्तनांक मोठा. साध्या प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्याहून अधिक, म्हणजे १.६, १.६७ आणि १.७४ अपवर्तनांकाची भिंगेही मिळतात. ती कमी जाडीत तेवढाच नंबर देतात, म्हणून महाग असतात. १.६७ च्या भिंगाचा हिशेब करायचा असेल, तर शेवटी १००० ऐवजी १३४० ने भागा.

आता मजा पाहा. मोठ्या फ्रेममध्ये १.६७ चे महाग भिंग बसवले, तर कड मध्यापेक्षा सुमारे ६.५ मिलिमीटर जाड होते. लहान फ्रेममध्ये साधे, स्वस्त भिंग बसवले, तर ४.२ मिलिमीटर. फ्रेम चुकली, तर महागाचे भिंगही साध्या भिंगाच्या मागे पडते! ज्यांना परवडते, त्यांनी लहान फ्रेम आणि वरच्या अपवर्तनांकाचे भिंग, दोन्ही जरूर घ्यावे. ज्यांना परवडत नाही, त्यांनी आधी फ्रेमकडे पाहावे. फ्रेम निवडायला वेगळे पैसे पडत नाहीत.

मोठ्या अपवर्तनांकाच्या भिंगाला एक दोषही असतो. साध्या प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १.६७ च्या भिंगावरून ६ टक्क्यांहून थोडा अधिक. त्यामुळे समोरच्याला आपल्या डोळ्यांऐवजी ट्यूबलाइटच दिसते. अशा भिंगावर प्रतिबिंब कमी करणारा लेप असलाच पाहिजे. पॉलिकार्बोनेट नावाचे आणखी एक प्लास्टिक आहे. त्याचा अपवर्तनांक १.५९ च्या आसपास असतो. ते हलके असते आणि चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी त्याची चौकशी करावी.

फ्रेम कशी असावी, हे आता तुम्हीही सांगू शकाल. भिंगाची रुंदी आणि मधले अंतर यांची बेरीज आपल्या बाहुल्यांमधल्या अंतराच्या जवळ यावी. आकार गोल किंवा लंबगोल असावा, कारण चौकोनाचे कोपरे मध्यापासून सर्वांत दूर जातात आणि तेथेच भिंग सर्वांत जाड होते. भिंगाची उंचीही उगाच मोठी नको. पण फ्रेम इतकी लहानही नको, की वर पाहताना नजर चष्म्याच्या बाहेर जाईल. फ्रेमची कड थोडी जाड, गडद रंगाची असावी. तिच्या आड भिंगाची कड लपते. बिनकडीची किंवा खालून नायलॉनच्या दोऱ्याने भिंग धरणारी फ्रेम दिसायला नाजूक असते. मोठ्या नंबरचे भिंग तिच्यात उघडे पडते. लग्नसमारंभात ती फ्रेम मिरवायची हौस असेल, तर नंबर लहान असणाऱ्यांनी मिरवावी.

लहान फ्रेमचा आणखी एक फायदा आहे. अंतर्गोल भिंगातून पाहणाऱ्याचे डोळे समोरच्याला लहान दिसतात आणि गालाची रेषा भिंगाच्या कडेशी तुटून आत सरकल्यासारखी दिसते. भिंग लहान असेल, तर गालाची रेषा त्यात येतच नाही. चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

फ्रेम निवडली, नंबर दिला, की आपण निघून येतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. फिटिंग करणारा कारागीर बहुधा दुकानाच्या मागच्या खोलीत किंवा माळ्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक त्याला पाहत नाही. संधी मिळाली तर त्याचे काम जरूर पाहा.

प्रथम तो भिंग एका यंत्राखाली ठेवून त्याचा नंबर तपासतो आणि शाईने तीन ठिपके करतो. मधला ठिपका म्हणजे भिंगाचा मध्य. हा ठिपका बाहुलीसमोर यायला हवा. त्यासाठी दुकानात आपल्या बाहुल्यांमधले अंतर मोजलेले असले पाहिजे. दोन्ही डोळे नाकापासून सारख्याच अंतरावर असतात असे नाही, म्हणून प्रत्येक डोळ्याचे माप वेगळे घेणारा दुकानदार चांगला समजावा. लहान नंबरात एखाद्या मिलिमीटरची चूक चालून जाते. मोठ्या नंबरात चालत नाही. उणे ८ च्या भिंगाचा मध्य २ मिलिमीटर बाजूला गेला, तर एक मीटरवरची वस्तू १.६ सेंटिमीटर सरकलेली दिसते. दोन्ही भिंगे विरुद्ध दिशांना चुकली, तर ही चूक दुप्पट होते. दोन डोळ्यांना दिसणारी दोन चित्रे एकत्र आणण्यासाठी डोळ्यांच्या स्नायूंना दिवसभर ओढाताण करावी लागते. मग डोके दुखते, आणि घरी म्हणतात, "नवीन चष्मा आहे, सवय होईल."

भिंगे दुकानात येतात तेव्हा ती गोल थाळीसारखी असतात. ती फ्रेमच्या आकाराची करण्यासाठी घासावी लागतात. पूर्वी सगळे काम हातानेच होत असे. फिरत्या दगडी चाकावर पाण्याची धार सोडायची आणि भिंग हातात धरून थोडे थोडे घासायचे. पाण्यामुळे भिंग तापत नाही आणि भुकटी उडत नाही. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र येते. ते फ्रेमच्या खाचेचा आकार आधी मोजते आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या चाकावर भिंग आपोआप कापते. तरीही जाड भिंगाचे शेवटचे काम पुष्कळ कारागीर हातानेच करतात.

फ्रेमच्या आत सर्व बाजूंनी एक खाच असते. भिंगाच्या कडेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक उंच धार ठेवावी लागते. ही धार त्या खाचेत बसते आणि भिंग पकडले जाते. पातळ भिंगात धार ठेवायला जागाच थोडी असते. ती मध्यावर येते आणि प्रश्न मिटतो. जाड भिंगात मात्र कारागिराला विचार करावा लागतो. कड ६ मिलिमीटर जाड असेल आणि धार तिच्या बरोबर मध्यावर ठेवली, तर जवळपास ३ मिलिमीटर भिंग फ्रेमच्या पुढे येते. ते समोरून पाहणाऱ्याला बटणासारखे उठून दिसते. धार अगदी पुढे ठेवली, तर समोरून सुबक दिसते, पण सगळी जाडी मागे जाते. मग ती नाकाच्या गाद्यांना अडते, गालाला टोचते किंवा काडीला मिटू देत नाही. म्हणून जाणता कारागीर साधारण एकतृतीयांश जाडी पुढे आणि दोनतृतीयांश मागे ठेवतो. पुढे ठेवलेला थोडासा भाग फ्रेमच्या जाड कडेत झाकला जातो. मागच्या बाजूचे तीक्ष्ण कोपरे तो हलक्या हाताने घासून मोडतो. एकाच भिंगात नाकाकडची कड पातळ आणि कानाकडची जाड असते, त्यामुळे ही धार सरळ रेषेत चालत नाही. ती फ्रेमच्या बाकाप्रमाणे वळत जाते. चष्मा उभा धरून बाजूने पाहिलात, तर ही चाल तुम्हांला दिसेल. ती जेथे डगमगलेली नसते, तेथे हात चांगला आहे असे समजावे.

मग भिंग बसवायचे. प्लास्टिकची फ्रेम गरम हवेने थोडी मऊ करतात आणि भिंग आत दाबतात. थंड झाल्यावर फ्रेम आवळते. धातूच्या फ्रेमला बारीक स्क्रू असतो. तो सैल करून भिंग ठेवतात आणि पुन्हा घट्ट करतात. भिंग केसभर मोठे राहिले, तर धातूच्या फ्रेमचे तोंड मिटत नाही, स्क्रूजवळ फट राहते. प्लास्टिकची फ्रेम वाकडी होते. अशा वेळी स्क्रू जोर लावून आवळणे म्हणजे कडेचा टवका उडवण्याची तयारी. भिंग केसभर लहान राहिले, तर ते फ्रेममध्ये हलते आणि हळूहळू फिरते. ज्यांना सिलिंडर नंबर आहे, त्यांच्यासाठी हे वाईट. सिलिंडर नंबरला ठरावीक कोन असतो. भिंग १० अंशांनी फिरले, की त्या नंबरच्या सुमारे एकतृतीयांश एवढा दोष पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो.

काही गिऱ्हाइके भिंगाची कड आरशासारखी चमकवून मागतात. कड चमकली की भिंग थोडे पातळ भासते खरे. पण जाड चमकदार कडेतून प्रकाश आत शिरतो आणि रात्री दिव्यांच्या रेघा दिसतात. बंद फ्रेममध्ये मी तरी कड मंदच ठेवायला सांगतो.

नंबर फारच मोठा असेल, म्हणजे उणे पंधरा-वीसच्या घरात, तर लहान फ्रेमही पुरत नाही. अशा वेळी भिंगाच्या मध्यभागी एका लहान वर्तुळातच पूर्ण नंबर ठेवतात आणि भोवतालचा भाग पातळ करतात. वर्तुळाची रेषा समोरून दिसते, पण वजन पुष्कळ कमी होते.

चष्मा हातात आला, की तो घालून आरशात बघण्याआधी एक प्रयोग करा. सिलिंडर नंबर असेल तर रेषा तिरकी दिसू शकते, म्हणून हा प्रयोग साध्या नंबरच्या चष्म्यावर करावा. चष्मा हातभर लांब धरा आणि एका भिंगातून दाराच्या चौकटीची उभी रेषा पाहा. भिंगातली रेषा बाहेरच्या रेषेपासून तुटलेली दिसेल. चष्मा हळूहळू डावीउजवीकडे सरकवा. एका जागी आतली आणि बाहेरची रेषा जुळून सलग होईल. भिंगाचा मध्य त्या रेषेवर आहे. तेथे स्केचपेनने खूण करा. दुसऱ्या भिंगावरही तसेच करा आणि दोन खुणांमधले अंतर फूटपट्टीने मोजा. ते तुमच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळले पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तर चष्मा परत द्यायला संकोच करू नका. दुकानातल्या यंत्रावर पुन्हा तपासून द्या, असे नम्रपणे सांगावे.

चष्मा बसतो कसा, हेही पाहावे. मोठ्या नंबरात चष्मा डोळ्यापासून किती दूर आहे, यानेही फरक पडतो. उणे ८ चा चष्मा नाकावरून ४ मिलिमीटर खाली घसरला, तर तो जवळजवळ पाव नंबरने कमी पडतो. उणे नंबरची मुले सारखी बोटाने चष्मा वर ढकलताना दिसतात, ते उगाच नाही. कानामागे काडीचा बाक नीट केला आणि नाकाच्या गाद्या जुळवल्या, की हे थांबते. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि दुकानदार त्यासाठी सहसा पैसे घेत नाहीत.

अधिक नंबरच्या भिंगांचे थोडक्यात सांगतो. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीत मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात दुसरे भिंग बसवण्याची सोय सगळीकडे नव्हती. त्यामुळे अधिक १० च्या आसपासचे, मध्ये फुगीर भिंग चष्म्यात लावावे लागे. आता शस्त्रक्रियेतच कृत्रिम भिंग डोळ्यात बसवतात, म्हणून तसे चष्मे दुर्मीळ झाले. पण काही मुलांचा नंबर आजही अधिकमध्ये मोठा असतो. त्यांच्या भिंगाची कड पातळ आणि मध्य जाड. मोठी थाळी कापून लहान फ्रेममध्ये बसवली, तर मधली जाडी कापली जात नाही. ती तशीच राहते. म्हणून फ्रेम आधी निवडावी आणि तिच्या मापानेच भिंग तयार करून मागवावे.

पैशांची अडचण असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या देशात १९७६ पासून राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात शाळेतील मुलांचे डोळे तपासून गरजू मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. तपासणीच्या दिवशी गैरहजर राहू नका. मोफत चष्म्यातही दोन-तीन फ्रेम समोर ठेवल्या, तर काडीवरचे आकडे वाचून लहान फ्रेम मागावी.

मोठा उणे नंबर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा. डोळ्यांपुढे अचानक विजेसारखे चमकू लागले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हे काम चष्म्याच्या दुकानाचे नाही.

तुमच्या वयात नंबर बदलत राहतो. नंबर बदलला म्हणून फ्रेम टाकून द्यायची गरज नाही. मापाची, चांगली फ्रेम असेल तर तिच्यातच नवीन भिंगे बसवता येतात. मात्र प्लास्टिकची फ्रेम फार जुनी झाली, तिचा रंग पांढरट पडला, तर ती गरम करताना तडकू शकते. अशी फ्रेम कारागिराने परत केली, तर त्याच्याशी वाद घालू नये. काडीवरचे आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि त्याच मापाची दुसरी फ्रेम शोधावी.